खाणीवर जन्मलेल्या मुलीची नोंद

त्रुटीचं पत्र चार ओळींचं होतं. अर्जदार मुलगी, वय अठरा, बारावी विज्ञान, अभियांत्रिकीला विमुक्त जाती प्रवर्गातून प्रवेश घ्यायचा आहे. प्रांत कार्यालयाचा जातीचा दाखला अर्जाला जोडलेला होता. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला होता, त्यावर 'हिंदू वडार' असं स्वच्छ लिहिलेलं. आजोबांच्या शाळेचा जुना उताराही होता. तरीही पडताळणी समितीनं कळवलं होतं, की २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वी कुटुंब महाराष्ट्रात कायम वास्तव्यास असल्याचा पुरावा सादर करावा.

मुलीचे वडील हे पत्र घेऊन माझ्याकडे आले ते कुणीतरी सांगितलं म्हणून, की या सरांना मोडी वाचता येतं. मी कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात प्राचीन इतिहास शिकवतो. मोडी ही माझी हौस. पण कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आलाय, आणि रविवारी सकाळी आमच्या दारात चपलांचा ढीग असतो. त्यातलं हे एक प्रकरण. माणसांची आणि गावांची नावं मुद्दाम देत नाही. हकिकत तेवढी सांगतो, कारण वर्गात नागरिकत्व शिकवताना मी जे फळ्यावर लिहितो ते या फायलीत मला पहिल्यांदा हाताला लागलं.

आधी ती तारीख. महाराष्ट्रात जातीच्या पुराव्यासाठी प्रत्येक प्रवर्गाला एक मानीव दिनांक आहे. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास वर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. त्या दिवशी तुमचा पूर्वज या राज्यात राहत होता का, एवढा एकच प्रश्न. तुम्ही इथं जन्मलात, बाप इथं जन्मला, मत देता, घरफाळा भरता, हे सगळं खरं, पण ते या प्रश्नाचं उत्तर होत नाही. आणि पुरावा देण्याची जबाबदारी अर्जदाराची. २००० सालच्या जात पडताळणी कायद्याच्या कलम ८ मध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं आहे.

हे जाचक वाटतं, पण उगीच आलेलं नाही. खोट्या दाखल्यांवर जागा लाटणारे कमी नव्हते. १९९४ च्या माधुरी पाटील खटल्यात दाखला होता महादेव कोळी जमातीचा आणि वडिलांच्या जुन्या नोंदी निघाल्या हिंदू कोळी अशा. त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयानं पडताळणी समित्या आणि दक्षता पथकं यांची घडी घालून दिली. ज्याचा हक्क खरा आहे त्याची जागा दुसऱ्यानं खाऊ नये म्हणून चाळण लागते, हे मला मान्य आहे. प्रश्न चाळणीच्या भोकांच्या आकाराचा आहे.

शाळा जागची हलली नव्हती

या घरातले पुरुष तीन पिढ्या दगडात. पणजोबा खाणीवर दगड फोडायचे, आजोबांनी पायाचे दगड घडवले, वडील आता सेंट्रिंगची छोटी कामं घेतात. बायका पाटे-वरवंटे, जाती, खलबत्ते डोक्यावर घेऊन गावोगाव विकायच्या आणि गुळगुळीत झालेल्या जात्याला टाकी लावून द्यायच्या. घरोघरी मिक्सर आल्यावर तो धंदा बसला. मुलीच्या आजीच्या दोन्ही तळहातांवर अजून पांढरे बारीक वण आहेत, टाकीच्या कपऱ्या उडून झालेले. बोलताना ती हात उलटे करून मांडीवर ठेवते.

काम लागेल तिकडे बिऱ्हाड. गाढवांवर पालाचं सामान लादायचं आणि पुढच्या खाणीवर जायचं. कोल्हापूर ते निपाणी हा चाळीसेक किलोमीटरचा टापू त्यांच्या लेखी एकच मुलूख होता. नकाशाच्या लेखी नव्हता. १९४९ पर्यंत इकडे कोल्हापूर संस्थान आणि तिकडे मुंबई प्रांतातला, आधी ब्रिटिशांच्या ताब्यातला, बेळगाव जिल्हा. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि ती रेघ पुसली गेली. पुढं आठ वर्षांच्या आत, १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि जवळपास त्याच जागी नवी रेघ आली. या दोन तारखांना पणजोबा रेघेच्या कुठल्या बाजूला दगड फोडत होते, हे त्यांनाही माहीत असायचं कारण नव्हतं.

आता आजोबांचा उतारा बघा. साल १९५३, जात 'हिंदू वडर', पहिलीत दाखल, दीड वर्षानं नाव कमी. १९६१ च्या आधीचा, जात लिहिलेला, शिक्का असलेला कागद. असा कागद मिळावा म्हणून लोक नवस बोलतात. पण शाळा निपाणीजवळच्या खेड्यातली. १९५३ मध्ये ती मुंबई राज्यात होती, २१ नोव्हेंबर १९६१ ला म्हैसूर राज्यात. शाळा जागची हलली नव्हती, राज्य हललं होतं. समितीचा आक्षेप नियमाला धरूनच होता. कुटुंब त्या तारखेला तिकडंच राहिलेलं असेल आणि नंतर कोल्हापुरात आलेलं असेल, तर ते परराज्यातून आलेलं ठरतं.

इथं एक गोम आहे, ती वडिलांना मी दोनदा समजावून सांगितली तेव्हा कुठं ते गप्प बसले. कर्नाटकात वड्डर अनुसूचित जातींच्या यादीत आहेत. महाराष्ट्रात वडार विमुक्त जातींत. आजीच्या भावाची नातवंडं निपाणीकडे अनुसूचित जातीच्या दाखल्यावर शिकतात, आणि दिवाळीला या मुलीच्या घरी फराळाला येतात. जात तीच, बोली तीच, सोयरीक तीच. पण एका राज्यातला प्रवर्ग स्थलांतर करून दुसऱ्या राज्यात नेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९० मध्ये मारी चंद्रशेखर राव खटल्यात सांगितलं आहे. म्हणजे ही मुलगी परराज्यातली ठरली, तर इकडची वडार म्हणून तिला सवलत नाही, आणि तिकडं ती राहतच नाही. घरात वडार, बाहेर वडार, फक्त कागदावर खुला प्रवर्ग.

"मग आम्ही हाय तरी कुठलं सर?" वडिलांनी विचारलं. मी चहा सांगितला. दुसरं काही सुचलं नाही.

हालिमूस गावचा माणूस

त्या रात्री मला युक्सिथियस आठवला. बीएच्या मुलांना दरवर्षी शिकवतो आणि दरवर्षी अर्धा वर्ग झोपतो, असा हा धडा.

इसवी सनापूर्वी ३४६-३४५ मध्ये अथेन्सनं आपल्या सगळ्या नागरिकांची फेरतपासणी काढली. तिथं जन्मदाखले नव्हते. नागरिकांची यादी ज्या त्या गावाकडे, त्यांच्या भाषेत 'डीम'कडे असायची. मुलगा अठरा वर्षांचा झाला की गावची माणसं मत देऊन त्याला यादीत घेत. त्या वर्षी हुकूम निघाला, की यादीतल्या प्रत्येक नावावर गावानं पुन्हा मत द्यायचं. समुद्राकाठच्या हालिमूस गावात युक्सिथियसचं नाव उडालं. त्यानं न्यायालयात दाद मागितली. अथेन्सचा नामांकित वक्ता डेमोस्थेनीस यानं त्याच्यासाठी लिहिलेलं भाषण आज आपल्याला वाचायला मिळतं. असं अपील हरणाऱ्याला गुलाम म्हणून विकलं जाई, त्यामुळे भाषणात फुलोरा कमी आणि घाम जास्त आहे.

त्याच्यावरचे आक्षेप काय होते? एक, बाप परक्या उच्चारात बोलायचा. दोन, आई बाजारात बसून फिती विकायची आणि पैसे घेऊन दुसऱ्याचं मूल पाजायची. नागरिकाची बायको असली कामं करते का? युक्सिथियस सांगतो, बाप लढाईत पकडला गेला, ल्यूकस बेटावर विकला गेला, बऱ्याच वर्षांनी सुटून घरी आला, उच्चार तिथं बदलला. आईबद्दल सांगतो, गरिबी होती. आणि न्यायाधीशांना आठवण करून देतो, की बाजारातल्या कामावरून नागरिकाला हिणवणं हा अथेन्सच्या कायद्यानं गुन्हा आहे. पाटे-वरवंटे विकणाऱ्या बाईच्या घरात बसून आल्यावर हा भाग मी पुन्हा वाचला. फिती विकणारी ती बाई या वेळी मला चेहऱ्यासकट दिसली.

पुरावा म्हणून त्याच्याकडे एकही कागद नाही. बापाकडचे चुलत भाऊ, आईकडचे नातेवाईक, कुळातली माणसं, गावकरी, असे एकेक साक्षीदार तो पुढं करतो. मग स्मशानाची गोष्ट काढतो. माझ्या बापानं आपली गेलेली मुलं कुळाच्या जागेत पुरली, तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. यातली आईकडची साक्ष महत्त्वाची होती. पेरिक्लीसच्या इसवी सनापूर्वी ४५१ च्या कायद्यापासून आई आणि बाप दोघंही अथेन्सचे असावे लागत. नुसत्या बापाच्या वंशावर भागत नव्हतं.

आणि गंमत म्हणजे त्यांनाही मानीव दिनांक होता, तसा शब्द नव्हता इतकंच. क्लिस्थेनीसनं इसवी सनापूर्वी ५०८-५०७ मध्ये डीमची व्यवस्था लावली. त्या वेळी तुमचा पूर्वज ज्या डीममध्ये नोंदला गेला, तोच तुमचा डीम, पिढ्यान्‌पिढ्या, मग तुम्ही राहायला कुठंही असा. दीडशे-एकशे साठ वर्षांपूर्वीच्या वास्तव्यावर आजचा माणूस नागरिक ठरायचा. आमचं १९६१ त्या मानानं कालपरवाचं.

हे वाचून कुणाला वाटेल, की बघा, माणसाच्या शब्दाला तेव्हा किंमत होती. थोडं थांबा. युक्सिथियस सांगतो ती मतदानाची हकिकत अशी: सभा अथेन्स शहरात, गाव तिथून ३५ स्टेडिया, म्हणजे साडेसहा किलोमीटरच्या आसपास. शपथ घेतलेले ७३. दिवस भाषणांत आणि ठरावांत घालवला, याचं नाव अंधार पडल्यावर पुकारलं. तोवर म्हातारी माणसं घराकडे निघून गेलेली. उरले होते तीसेक आणि मतं मोजली तर साठाच्या वर. शिवाय त्या गावची मूळ यादी आधीच एकदा हरवली होती, आणि हरवली तेव्हा गावचा कारभारी होता तो याच्या मुख्य विरोधकाचा बाप. युक्सिथियसनं स्वतः कारभारी असताना थकबाकी वसूल केली होती, तो रागही होताच. गावकीची साक्ष किती भरवशाची, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

म्हणून मी साक्ष विरुद्ध कागद असा निवाडा देत नाही. साक्षीवर विसंबलं की तिसांची साठ होतात. कागदावर विसंबलं की कागद कुणाच्या कपाटात आहे, वाळवीनं किती खाल्लाय आणि पंचगंगेला पूर कधी आला होता, यावर माणूस ठरतो. या घराची पत्र्याची ट्रंक २०१९ च्या ऑगस्टमध्ये दोन दिवस पाण्यात होती.

हजेरी

शोध सुरू करताना मला वाटलं होतं, विमुक्त जाती म्हणजे पोलिसांची जुनी हजेरी-पुस्तकं बघावीत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्यांची नावं सरकारनं किती मन लावून लिहिली असणार! ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला आणि त्यातून सुटले ते 'विमुक्त'. आज ती बदनामीची पुस्तकंच वास्तव्याचा भक्कम पुरावा ठरू शकतात.

पण इथं शाहू महाराज आडवे आले. आडवे हा शब्द मी आदरानंच वापरतोय. गुन्हेगार ठरवलेल्या जातींना गावात रोज हजेरी द्यावी लागे, ती पद्धत महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात बंद केली. पारध्यांना पहाऱ्याच्या नोकऱ्या दिल्या. माणसाला चोर समजून रोज मोजू नये, इतकं साधं त्यांना कळलं होतं, दिल्लीच्या कायद्याच्या चौतीस वर्षं आधी. आणि हजेरी बंद म्हणजे हजेरीचं पुस्तकही बंद. अपमान संपला तसा पुरावाही.

आजीला मी विचारलं, तुमच्या सासऱ्यांना कधी पोलिसांकडं हजेरी होती का, कुठं नाव लिहून घेतलं होतं का. माझा हेतू तिला कळला नाही, आणि कळायचं कारणही नव्हतं. तिनं पदर सावरला.

"आमी काय चोर हाय व्हय सर?"

मी माफी मागितली. तो विषय तिथंच मिटवला.

चैत्री यात्रा आणि नवे पैसे

आता उरला एक रस्ता: आजोबांचं एखादं भावंड १९५६ ते १९६१ या काळात रेघेच्या अलीकडे जन्मलं असेल, तर त्याची नोंद. आजोबांना धाकटी बहीण होती. ती इचलकरंजीत असते, सत्तरीच्या उंबऱ्यावर. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. ती कुठं जन्मली हे तिला सांगता येईना. सांगितलं ते वहिनीनं, म्हणजे आमच्या आजीनं, आणि तेही सासूकडून ऐकलेलं.

"आत्याबाई टोपाकडच्या खाणीवर झाल्या का त्याच्या अलीकडं, ते काय ध्यानात न्हाई. पण चैत्री यात्रेचं दिस हुतं. जोतिबाला निघालेल्या सासनकाठ्या खाणीवरनं दिसत हुत्या म्हनं. सुईण यात्रंला गेलती. सासूनं एकटीनं नाळ कापली."

"साल कुठलं आज्जी?"

"साल मला काय ठावं? नवं पैसं येऊन वरीस झालतं. सासरा मजुरी घिऊन आला तर पैसं मोजता येईनात त्यास्नी. आण्याचा हिशेब डोस्क्यात."

मी वही बंद केली आणि पुन्हा उघडली. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. वर्ष झालं म्हणजे १९५८. त्या साली चैत्री पौर्णिमा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात होती. ज्या बाईला स्वतःचं जन्मसाल सांगता येत नाही, तिनं नणंदेचा जन्म आठवड्याच्या आत आणून ठेवला.

गावात जन्म-मृत्यू झाला की कोतवालाच्या पुस्तकात नोंद व्हायची, गाव नमुना १४. ती पुस्तकं तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. खाणी असलेली चार गावं आम्ही काढली आणि नकलांसाठी अर्ज केले. पुढचे सोळा दिवस वाया गेले, त्याचा दोष माझा. मी जातीच्या रकान्यात 'वडार' शोधत होतो. निपाणीच्या उताऱ्यावर 'वडर' लिहिलंय हे माझ्या फायलीतच होतं, तरी डोळा शुद्ध मराठी शब्दावर अडकलेला. चौथ्या गावाचं पुस्तक संपवून परत पहिल्याकडे वळलो तेव्हा सापडलं.

आणि नोंद मोडीत नव्हतीच. १९५८ पर्यंत कोतवाल बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, लिहायला लागले होते. ज्या विद्येसाठी मला बोलावलं होतं तिचा उपयोग शून्य. अक्षर मात्र असं, की मोडी बरी म्हणावी.

पान पिवळं, कडेनं कुरतडलेलं, निळी-काळी शाई फुटलेली. तारीख एप्रिलच्या तीनची. बापाचं नाव, पण पूर्ण नाही. शेवटी 'ल्या' लावून, जसं मालक गड्याला हाक मारील तसं. जात 'वडर'. धंदा 'दगडफोड'. राहणार 'खाण'. अपत्याच्या रकान्यात एकच शब्द: 'मुलगी'. नाव नाही. वरच्या नोंदीत एका शेतकऱ्याच्या मुलाच्या बापाचं नाव आडनावासकट, पुढं रावही लावलेलं. दोघांच्या नोंदीत दोन दिवसांचं अंतर आणि शाई एकच.

वडिलांनी त्या 'ल्या' वर बोट ठेवलं आणि काही बोलले नाहीत. मी म्हटलं, हेच आपल्या कामाला येणार आहे. ते खरं होतं. निपाणीच्या शाळेतही पालकाचं नाव त्याच तुच्छतेनं, तसंच 'ल्या' लावून लिहिलेलं होतं. दोन गावांतल्या दोन कारकुनांनी पाच वर्षांच्या अंतरानं एकाच माणसाचा सारखाच अपमान केला होता, त्यामुळे तो माणूस एकच आहे हे दिसत होतं. आदरानं लिहिलं असतं तर एकानं आप्पा लिहिलं असतं, दुसऱ्यानं अण्णा, आणि आम्ही अडकलो असतो.

घरचौकशी

कागदांनी समितीचं पुरतं समाधान झालं नाही तर प्रकरण दक्षता पथकाकडं जातं. इथं तसंच झालं, आणि मला ते चुकीचं वाटलं नाही. बिननावाची 'मुलगी' म्हणजे इचलकरंजीची ही बाईच, हे कुणीतरी येऊन बघायलाच हवं होतं.

अधिकारी आले ते दुपारी, सोबत एक हवालदार. पाणी घेतलं, चहा नको म्हणाले. जबाब नीट, एकेक प्रश्न घेऊन लिहिले. लग्नात काय काय करता, देव कुठला, नातेवाईक कुठं कुठं. आत्याबाईंना इचलकरंजीहून आणलेलं होतं. तिच्या मतदार कार्डावरचं वय १९५८ शी जुळत होतं.

मग त्यांनी विचारलं, घरात काय बोलता? आजी आणि आत्याबाई एकमेकींकडं बघून वडारीत बोलायला लागल्या. तेलुगूच्या अंगानं जाणारी, मधूनच मराठी क्रियापद घेणारी बोली. दोघींना एकदा तोंड फुटलं ते थांबेना. बहुधा अधिकाऱ्यांविषयीच काहीतरी चाललं असावं, कारण आतल्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. साहेबांना त्यातलं काही समजत नव्हतं, पण त्यांनी मान डोलावली.

युक्सिथियसच्या बापाचा उच्चार त्याला परका ठरवायला पुरेसा होता. इथं तीच गोष्ट उलटी. या दोघी शुद्ध पुणेरी बोलल्या असत्या तर संशय आला असता.

"तुला येते का ही भाषा?" साहेबांनी मुलीला विचारलं.

ती अवघडली. "समजते सर. बोलता नाही येत नीट."

साहेबांनी ते लिहून घेतलं. पेन कागदावर चालत होतं तेवढा वेळ खोलीत सगळ्यांचं लक्ष त्या निबेकडं. मला वर्गातले सगळे मुद्दे सुचले: मुलगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेली, वस्ती सुटली, शेजारी सगळे मराठी, बापानं मुद्दाम घरात मराठी बोलायला लावलं म्हणजे तिला कुणी हसू नये. पण मी तिथं कुणीच नव्हतो, म्हणून गप्प राहिलो. सुदैवानं काळही बदललाय. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जमातींच्या संदर्भात सांगितलं, की आप्तभाव चाचणी, म्हणजे बोली आणि चालीरीतींवरून माणूस त्या समाजाचा आहे का हे बघणं, हा एकमेव निकष होऊ शकत नाही. शिकलेल्या, शहरात आलेल्या कुटुंबाच्या चालीरीती बदलणारच. हा निकाल अनुसूचित जमातीच्या प्रकरणातला, आमच्या फायलीला तंतोतंत लागू नव्हे, पण पुढच्या सुनावणीत वडिलांच्या हातात त्याची झेरॉक्स होती. त्यांनी ती वाचून दाखवली नाही. नुसती धरून ठेवली.

सुनावणी वीस मिनिटांत संपली. १९५३ चा उतारा, १९५८ ची नोंद, दोन्हीतलं नाव, दक्षता पथकाचा अहवाल. प्रवेशाच्या मुदतीला नऊ दिवस उरले असताना वैधता प्रमाणपत्र आलं.

मध्ये एकदा टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. तिथं ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेला पोसायडनचा छोटा ब्राँझचा पुतळा आहे, समुद्रापलीकडून रोमन व्यापाराबरोबर आलेला. ग्रीकांचा समुद्रदेव, आणि जिथं सापडला तिथून समुद्र सह्याद्रीच्या पलीकडं. मुलांना म्हटलं, हा कोल्हापूरचाच. कुणी हरकत घेतली नाही.

प्रमाणपत्र आलं त्या संध्याकाळी त्यांच्या घरी बोलावणं होतं. मुलीनं सगळी फाईल सतरंजीवर पसरली होती, स्कॅन करून ठेवायला, पुन्हा पूर आला तर म्हणून. आजीला वाचता येत नाही. तिनं वंशावळीचा कागद उचलला, कारण त्यावर चौकटी आणि रेघा होत्या, चित्रासारख्या.

"ह्ये काय?"

"वंशावळ आज्जी. आपल्या घरातली माणसं." मुलगी बोट ठेवत वाचत गेली. खापरपणजोबा. पणजोबा, या वेळी पूर्ण नावानं. आजोबा. त्यांच्या शेजारी आत्याबाई. बाबा, काका. खाली ती आणि तिचा भाऊ.

आजी वाट बघत राहिली. मग म्हणाली, "आन् मी?"

"ते बापाकडनं असतंय आई," वडील म्हणाले. "बायकांचं न्हाई येत त्यात."

"आत्याबाई हाईत की."

"त्या लेक म्हणून."

आजीनं कागद डोळ्यांजवळ नेला, जसा काही आता तरी दिसेल.

"मग नवं पैसं कुणी सांगितलं?" ती म्हणाली आणि कागद मुलीच्या हातात देऊन चहा टाकायला उठली.